बारा बंद

माझ्या वहीत माणसं नावानं नाहीत.
छाती एक्केचाळीस, पोट चव्वेचाळीस,
डावा खांदा उतरता –
हा गुरुपादअण्णा, तीन वेळचा नगरसेवक.
पहिल्या खेपेला पोट छत्तीस होतं.
मी शेजारी तारीख टाकतो,
बाकी काही लिहीत नाही.

साखर पेठेत बोळाच्या तोंडाशी दुकान,
पाटीवर अजून बापाचं नाव, नरसय्या टेलर्स.
दिवसभर शाळांचे गणवेश,
गठ्ठ्यानं, निळ्यावर निळे,
कुठल्या गावाला जातात ते मलाही ठाऊक नाही.
दिवेलागणीनंतर येतात
ज्यांना वेगळं दिसायचं असतं.

अण्णा म्हणाला, निवडणूक आलीय, कुर्ता शिव,
पण नवा वाटायला नको बे.
मग कोरी खादी सोडा घालून तीनदा उकळली,
कॉलर दगडावर घासली,
कोपरावर ठिगळ लावलं बारीक टाक्यांचं,
फोटोत येईल त्या बाजूला.
शिलाई नव्याच्या दुप्पट सांगितली.
त्यानं घासाघीस केली नाही.

मठातून माणूस आला, मुठीत चिंधी घेऊन.
हाच भगवा पाहिजे, मागचा टीव्हीवर
जिलबीसारखा दिसला म्हणे.
रंगाऱ्यानं सात वेळा बुडवलं, सात वेळा वाळवलं,
गच्चीवरनं सगळी गल्ली बघत होती.
कफनी शिवायला घेतली तेव्हा स्वामी स्वतः आले,
मागच्या दारानं, चप्पल हातात.
आतून खिसा होईल का?
किती मोठा, म्हटलं.
त्यांनी तळहात उघडला.
शुगरच्या गोळ्यांची पट्टी, निम्मी संपलेली.
प्रवचन लांबलं की हात कापतात, म्हणाले,
लोकांनी बघू नये.
खिसा मी छातीशी लावला, आतल्या शिवणीत,
आणि त्याचे पैसे धरले नाहीत.
का, ते मला सांगता येणार नाही.
मी त्यांच्या मठात कधी गेलेलो नाही.

काझीसाहेबांची शेरवानी एकच.
दोन-तीन वर्षांनी येते, अस्तर बदलायला.
वरचं कापड त्यांच्या वडिलांच्या वेळचं,
आतलं पाचव्यांदा नवं.

गड्ड्याच्या आधी मात्र सगळंच पांढरं होतं.
मशीनखाली, कपाटावर, माझ्या भुवयांवर पांढरे धागे.
बाराबंदीला मापाचा फारसा जाच नाही,
बंद आवळले, सैल सोडले की बसते अंगावर,
हमालाच्या आणि आमदाराच्याही.
त्या दोन दिवसांत मला रस्त्यात माणसं ओळखू येत नाहीत.
वही मिटून ठेवतो.

यंदा अण्णा एकटाच आला.
गाडी नाही, पोरं नाहीत, कानाला फोन नाही.
म्हणाला, बंद दाखवायला ठेव, आतून चेन लाव.
मी हसलो. बाराबंदीला चेन? काय अण्णा!
तो नाही हसला.
कात्री उचलली, परत ठेवली.
ती बांधायची, म्हणाला. श्रावणात गेली.
हा हात वर जात नाही, तुला माहीतच आहे.
दोनशे माणसं मागं फिरतात बे,
पण इथं छातीजवळ हात घाल
म्हणून कुणाला सांगू?

चेन लावली नाही.
अक्षतांच्या दिवशी सकाळी शटर अर्धंच वर केलं.
तो वाकून आत आला, हात जरा फाकवून उभा राहिला,
गणवेशाचं माप द्यायला आणलेल्या पोरासारखा.
मी काखेजवळून सुरुवात केली.
कापड कडक होतं, गाठी बसत नव्हत्या.
बाहेर कुणीतरी हलगीला ताव देत होतं.
अकराव्या गाठीला त्यानं छताकडं पाहिलं,
मी गाठीकडंच बघत राहिलो.

नंतर चौकात उभा राहिलो खूप वेळ.
नंदीध्वज गेले, पांढऱ्यामागं पांढरं,
त्यात तो कुठला, कळलं नाही.
घरी येऊन वही काढली.
एक्केचाळीस, चव्वेचाळीस, तारीख.
आणि पुढं, पहिल्यांदाच, पेन्सिलीनं:
बारावा सैल ठेवणे.