भिंतीतली कडी

एकतीस वर्षं मी याच उतारावरून बस हाकली.
सात चाळीसची, शाळेच्या पोरांची,
आणि रात्री साडेदहाची, जिच्यात बहुधा मी एकटाच.
ती कडी तेव्हाही होती,
चॅपलच्या कोपऱ्यावरच्या भिंतीत, गुडघ्याएवढ्या उंचीवर,
लोखंडी, गंजलेली, मनगट जाईल एवढी.

निवृत्त झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात
मीच थांब्यावर बसची वाट पाहत उभा.
बस उशिरा (नवा पोरगा आहे, वळणाला घाबरतो),
आणि तेव्हा ती मला पहिल्यांदा दिसली.
ही कशाला असेल?
एवढंच.
याहून मोठा प्रश्न सुरुवातीला लागत नाही.

वाचनालयात मेलेरीनं आधी माझं पेन काढून घेतलं.
"इथे फक्त शिसपेन्सिल," म्हणाली, आणि नकाशा उलगडला,
अठराशे अठ्ठ्याऐंशीचा,
आमच्या जेवणाच्या टेबलाहून मोठा.
मी काय शोधलं? अर्थात माझं घर.
घराच्या जागी लिहिलं होतं : मेंढ्यांचा कोंडवाडा.
बायको म्हणाली, फारसा फरक पडलेला नाही.

आणि उताराच्या जागी निळी रेघ,
वाकडीतिकडी, चॅपलला वळसा घालून खाली गेलेली.
ओढा.

आमच्या गावाचं नाव नांत्वेन.
नांत म्हणजे ओढा, हे पहिलीतलं पोरही सांगेल.
नावात ओढा आहे, गावात नाही,
आणि आमच्यातल्या एकालाही ते कधी खटकलं नाही.

त्या रात्री साडेदहाची गाडी गेल्यावर
मी रस्त्यावर आडवा झालो,
गटाराच्या जाळीला कान लावून.
शेजारचा ग्रिफ कुत्र्याला फिरवत आला, थबकला,
"बरा आहेस ना, इद्वल?"
आणि उत्तराची वाट न बघता निघून गेला.
खाली पाणी वाहत होतं.
एकतीस वर्षं माझ्या चाकांखालून
ते आपल्या वेळापत्रकानं चाललेलं.

मग मला वाटलं, कडी होडीची.
वहीत लिहिलंसुद्धा, खाली दोन रेघा मारून.
मेलेरीनं वाचलं, हसली नाही,
एवढंच विचारलं, ओंजळभर पाण्यात कसली होडी?
मग मी खेचरं बांधली तिथे,
मग खाणीतून पाटीचा दगड आणणारी घोडागाडी.
बरं झालं, सगळं शिसपेन्सिलीनं होतं.

शेवटी वरच्या आळीत ग्वेनलियन प्यूकडे गेलो.
वय त्र्याण्णव, एकच कान चालतो, तो डावा.
फोटो दाखवला. तिनं चष्मा बदलला.
"ही होय," म्हणाली, "हिला मला बांधायचे."

आई ओढ्यावर कपडे धुवायची.
दोरीचं एक टोक कडीला, दुसरं माझ्या कमरेला.
दुपारभर शेळीसारखी मी.
लोक येताजाता हसायचे.
"माझ्या आधी एक भाऊ होता," ती म्हणाली,
"त्याला बांधलं नव्हतं."

मग तिनं बिस्किटांचा डबा माझ्याकडे सरकवला.
झाकण घट्ट बसलेलं.
ते निघेपर्यंत आम्ही दोघंही काही बोललो नाही.

भाऊ चॅपलच्या नोंदवहीत सापडला.
एमरिस, वय दोन, एकोणीसशे सव्वीस,
कारणाच्या रकान्यात एकच शब्द.
तो उतरवून घेतला
आणि घरी परतलो वरच्या वाटेनं, चालत.

परवा नव्या ड्रायव्हरनं विचारलं,
"काय हो, दिवसभर करता तरी काय?"
मी वहीचं पान त्याच्यापुढे धरलं.

कडी मुळात कुणी, कशासाठी बसवली : माहीत नाही.
ग्वेनलियन प्यू सांगतात : पोर बांधायला. साक्ष एक.
आणि त्याखाली, कालचीच ओळ :
विषम आकड्यांच्या बाजूला सातनंतर एकदम अकरा.
नऊ नंबरचं घर कुठे गेलं?

त्यानं मान बाहेर काढून रस्ताभर दारं मोजली.
"अरे, खरंच की," म्हणाला.
बस चार मिनिटं उशिरा सुटली.