एकच घे

दोना झुल्मीराचा भाचा म्हणाला, एकच घे.
शटर अर्धं वर, पेलोतासचं धुकं दुकानात शिरलेलं,
काउंटरवर खोकी, वायरींचे गुंते,
आणि दोन कार्ट्रिज. एक राखाडी, एक निळं.
बाकीचं सगळं सोमवारी भंगारात.

एकच घे म्हणाला,
बशीतल्या बिस्किटांबद्दल म्हणावं तसं.

निळ्यात ससा.
ससा कसला, सुटलेला बाण.
बटण दाबून धरलं की मागच्या टेकड्या विरघळायच्या.
हवेत असतानाही वळवता यायचा तो,
चुकलेली उडी अर्ध्या वाटेत दुरुस्त करून
खड्ड्यावरून माघारी,
जणू मारलीच नव्हती.

राखाडीत पोस्टमन.
खांद्याला पिशवी, पायात जड बूट.
त्याची उडी मारली की मारली.
मग तुम्ही बटणं बडवा, नाहीतर देवाचं नाव घ्या,
पडायचा तिथंच पडणार.
आणि पडदा सरकायचा फक्त उजवीकडे.
राहिलेलं नाणं, उघडायचं राहून गेलेलं दार,
एक पाऊल पुढे टाकलं की चौकटीबाहेर. कायमचं.
त्या न दिसणाऱ्या भिंतीशी कितीदा नेऊन उभा केलाय त्याला:
बूट चालताहेत, माणूस जागच्या जागी.

जुरांदिर, माझा मामेभाऊ, सशाचा.
तासाचे पैसे आम्ही दोघांत भरायचो.
झुल्मीरा स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ आणून ठेवायची
आणि त्या टिकटिकीत आम्ही तास भांडणात घालवायचो.
आपण खेळायला आलोय की कामाला, तो विचारायचा.
मी म्हणायचे, तुझ्या सशाला पोचायचंय तरी कुठं?
यावर त्याच्याकडे उत्तर नसायचं.
माझ्याकडे होतं असंही नाही.
चौथ्या टप्प्यातल्या तुटक्या पुलापलीकडे
माझं एकही पत्र कधी गेलं नाही.

आता खरं सांगायचं तर
खेळ म्हणून ससाच सरस.
ते रंग, तो वेग, ती धून,
पीचच्या कारखान्यात हिशेब जुळवताना
अजून माझ्या पेन्सिलीच्या टोकाशी येते.
पण तो मला आवडायचा जुरांदिरच्या हातात.
जीभ दातांत धरलेली, अंगठे पांढरे पडलेले,
बाहेर मिनुआनो वारा पत्रे हलवतोय,
आणि शेजारी मी, पुढचा खड्डा ओरडून सांगणारी.
माझ्या हातात ससा म्हणजे
भिंतीवर आपटणारं निळं काहीतरी.

आणि आणखी एक, अगदी बारीक.
कंट्रोलर खाली ठेवला की ससा जांभई द्यायचा,
पाठ फिरवून झोपून जायचा.
पोस्टमन पिशवी
या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यायचा.
दर अकरा सेकंदांनी. मोजलंय मी.
कुणीतरी बसून काढलं असेल हे, ठिपका ठिपका.
कुणाच्या तरी मनात आलं असेल
की ओझं आहे म्हणजे खांदा दुखत असणार.

राखाडी उचललं.
निळ्याला भाव जास्त आहे, सेन्योरा, भाचा म्हणाला.
असू दे, म्हटलं.

रात्री जुरांदिरचा फोन, रिओ ग्रांदेच्या बंदरातून,
मागे क्रेनची घरघर.
कुठलं घेतलंस?
तुझा ससा हरला.
तो केवढ्यांदा हसला. तुला वळवताच यायचा नाही तो!
नाहीच यायचा, म्हटलं.
मग क्रेनच बोलत राहिली थोडा वेळ.
पूल ओलांडलास?
अजून नाही.

टीव्हीवर तो उभा होता, तुटलेल्या फळीच्या अलीकडे.
माझे दोन्ही हात फोनला.
त्यानं खांदा बदलला.