नऊशे अठ्ठ्याण्णव

उलव्याहून निघते, द्रोणागिरीत कंटेनरच्या रांगा ओलांडते
आणि नौदलाच्या फाटकाशी रोज रिकामी होते:
मोबाइल, किल्ली, घड्याळ.
"काडेपेटी?" पहारेकरी विचारतो. नवा आहे.
मग भिंतीतल्या तांब्याच्या पत्र्यावर तळहात,
अंगातली वीज जमिनीला देऊन टाकायची.
हा नियम मीच लिहिलाय.
कालचं घरचं भांडण तेवढं उतरत नाही त्यातून.

आत मातीनं मढवलेली कोठारं.
वर्दीतली माणसं समुद्राकडे बघतात,
मी त्यांच्या पायांकडे.
शत्रू कुठून येईल हे त्यांचं खातं.
माझ्या खात्यात शिडीची तिसरी पायरी,
सांडलेलं ग्रीस, उन्हात तडकलेला आगीचा पाइप
आणि "मॅडम आल्या, मॅडम आल्या" म्हणत
घाईनं डोक्यावर चढणारी हेल्मेटं.

काही घडलं नाही, ही माझी कमाई.
ती दाखवायची कशी? म्हणून पाटी:
अपघाताविना दिवस.
आकडा हसुराम घरत लिहायचा.
पेट्या उचलणाऱ्या टोळीत अक्षर त्याचंच देखणं;
नऊला तो अशी शेपटी काढायचा,
जणू बोंबील वाळत घातलाय.

हजाराव्या दिवशी मुंबईहून मोठे साहेब यायचे होते.
बॅनर छापून तयार.
उरणच्या बाजारात पाच किलो पेढे सांगून ठेवलेले.

नऊशे अठ्ठ्याण्णवला हसुरामनं चहाचा ग्लास
डाव्या हातात धरला.
एवढंच. मी तेवढंच बघायला शिकलेय.
"उजवा काढ बाहेर."
"मना काय नाय झाला, मॅडम."
खिशातून निघालं ते बोट काळंनिळं,
हळद, वर वायरमनची चिकटपट्टी,
नख कुठेच नाही.
परवा. पेटी आणि रूळ यांच्यामध्ये.
परवापासूनच नऊची शेपटी आखूड झाली होती,
ते मात्र मी बघितलं नव्हतं.
हातमोजा फाटका होता.
नवे मागितले होते त्यांनी; अर्ज
माझ्याच टेबलावर, सहीसाठी,
पेपरवेट म्हणून मी वापरते
त्या रिकाम्या पितळी काडतुसाखाली.

कमांडर बारुआ वाईट माणूस नाही.
त्यानं दार लावलं, पंखा वाढवला,
"दोनच दिवस, मॅडम. बोटच तर आहे."
खरं सांगते, मी मोजलं.
दोन दिवस. एक बोट. पाच किलो.
मोजून झाल्यावर फडकं ओलं केलं.

दोन्ही नऊ सहज गेले, शेपट्या नव्हत्याच.
आठाला जरा घासावं लागलं.
शून्य मी काढलं. तेही धड वाटोळं जमलं नाही.
अहवालात, कारण: फाटका हातमोजा.
जबाबदार: माझं नाव.
टायपिस्टनं वर बघितलं, मग पुन्हा खाली.

इस्पितळाच्या गाडीत चढताना हसुराम म्हणाला,
"दोन दिस थांबल्या असत्या त काय झाला असता?"
मला उत्तर येत होतं.
नव्या भरतीला पहिल्याच तासाला देते ते मी,
चित्रांसकट.
दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाटीवर १ होता,
वाकडा, डाव्या हाताचा.
त्याच्या दुसऱ्या दिवशी पेढे आले.
नको म्हणून सांगायला कुणी गेलंच नव्हतं.
ना बॅनर, ना साहेब,
२ च्या खाली उघडा खोका.
हळूहळू सगळ्यांनी घेतले. बारुआनं दोन.
हसुरामपुढे मी स्वतः धरला,
त्यानं मान हलवली.
डाव्या हातानं पेढा घेत नाहीत,
म्हणून असेल.