वारा सरला का

ओरोसचं हॉस्पिटल, पुरुष सर्जिकल, खाट अकरा.
लवू खवणेकर, वय चौसष्ट, राहणार सर्जेकोट.
आतड्याला पीळ.
पोट उघडून पीळ सोडवला,
काळी पडलेली वीतभर आतडी काढली,
दोन टोकं शिवली.
"जाळा तुणतत तसा," लवू म्हणाला,
शुद्धीवर आल्यावर त्याचं पहिलं वाक्य.

तेव्हापासून राउंडला एकच प्रश्न:
वारा सरला का?

मतलई कधी सुटणार, खारा वारा कधी वळणार
हे ओल्या बोटावर ओळखणारा तांडेल
पंख्याकडे बघतो. "नाय गो सिस्टर.
वारो पडलो हा."

तोंडाने काही नाही. नाकातल्या नळीतून
हिरवं पित्त बाटलीत उतरतं.
बायको शालन बाकावर बसून तेच तेच विचारते:
त्या रात्री बांगड्याच्या तिखल्यात
तिरफळां जास्त पडली काय?
नाही मावशी, पीळ तिरफळाने पडत नाही.
तिला पटत नाही.
चाळीस वर्षं तिने या पोटात घातलेलं
पहिल्यांदाच कुणी उघडून बघितलं होतं.

दुपारी लवूने विचारलं, आत किती लांब असता?
लहान आतडं सात मीटर, म्हटलं.
"मीटर नको, वाव सांग."
मग स्वतःच हात पसरले, सलाइनची नळी ताणली:
"चार वाव! एवढ्या पाण्यात होडी नांगरतंय मी."

मग सांगितलं.
घास जिभेवर असतो तेवढाच आपला,
गिळला की आपलं कुणी ऐकत नाही.
जठरात आंबट, कोकमापेक्षा कितीतरी आंबट,
तिथे बांगड्याचा बांगडेपणा जातो.
मग ते चार वाव. आतून लव असते,
मखमलीसारखी, बारीक आसाच्या जाळ्यासारखी,
पण उलटं जाळं: हवं ते जाऊ देतं,
नको ते आत अडवतं.
भाताचा दंड होतो, माशाचा ओठ, नख, पापणी.
उरलेल्यातलं पाणी मोठं आतडं पिऊन घेतं,
आणि राहतं ते राहतं.

लवू बराच वेळ गप्प.
"बापाशीबरोबर पुळणीर बसायचंय," म्हणाला,
"भरतीच्या आधी. पाणी येय, घेऊन जाय.
आमका वाटा, दर्याचा दर्याक पोचला."
पलीकडच्या खाटेवरचे मास्तर खोकले.
गावात आता घरोघर टाकी आहे,
वर्षाला एकदा ट्रॅक्टर येतो,
आणि सगळी आळी नाकाला पदर लावून
आपापलंच ओळखत नाही असं दाखवते.

तिसऱ्या दिवशी पोटावर स्टेथोस्कोप ठेवला.
काही नाही. भिंतीला कान लावावा तसं.
तो माझं तोंड वाचत होता.
"तरणो होतंय तेव्हा
वल्ह्याचो दांडो पाण्यात धरून कान लावू.
खाली ढोमो बोलता, गुर्र, गुर्र.
बोललो की जाळा टाकायचा.
घाई केलंस तर रिकामा येता."

चौथी रात्र. तीन चाळीस.
मी सहा नंबरची सुई बदलत होते.
आधी एक गुरगुर, लांबून होडीचं इंजिन यावं तशी.
मग थांबली.
मग अकरा नंबरवरून
एक लांब, न लाजणारा, घरचा आवाज.

कुणी हसलं नाही.
मास्तर अंधारात म्हणाले, "सुटला."
शालन उठून बसली, सवयीने पदर नाकाकडे नेला,
तिथून कपाळाकडे.
लवूचे डोळे मिटलेले.
"मतलई," तो म्हणाला. "वेळेर इलो."

सकाळी दोन चमचे पेजेचं पाणी.
परवा भांडं मागितलं त्याने,
तोंड भिंतीकडे करून.
समुद्रावर सहा माणसांना हुकूम सोडणारा
माझ्याकडे बघेना.
मी भांडं उचललं, उजेडात नेलं,
बघितलं, जसं बघायचं असतं,
आणि फाइलमध्ये लिहिलं:
रंग पिवळा. मऊ. रक्त नाही.

ड्यूटी संपली. एसटीला वेळ होता.
स्टँडवर उसळपाव खाल्ला, तर्री जास्त घेऊन,
आणि पहिल्या घासानंतर
लक्ष देऊन बसले.