जिन्याखालची बादली

हडर्सफील्डच्या घरात जिन्याखाली,
इस्त्रीच्या टेबलामागे
झाकून ठेवलेली बादली
तिसऱ्या रात्री बोलू लागली:
बुडुक.
मग बराच वेळ काही नाही.
मग बुडुक.

यीस्ट शेजारच्या क्लिफर्डचं.
मुलीकडे कायमचा राहायला जाताना
जॅमच्या बाटलीत तळाचा गाळ देऊन गेला.
"थंडी सोसत नाही त्याला," म्हणाला,
मांजर सोपवावं तसं.
मी माझा जुना स्वेटर गुंडाळला बादलीला.

आज पहिली बाटली उघडली.
फेस अर्धा ओट्यावर, अर्धा बाहीवर.
चव आंबूस, हॉप्स जरा जास्तच कडू.
क्लिफर्डनं नाक मुरडलं असतं
आणि दुसरा ग्लास मागितला असता.

त्याच्या खिडकीला आता नवे पडदे.

उरलेला गाळ
जॅमच्या बाटलीत ओततो,
झाकण सैलच ठेवतो.