उपयोग माहीत नाही

शेवटचा विद्यार्थी बोटीत बसून गेला
आणि शाळेची बाकं तशीच राहिली.
मग आम्ही म्हटलं, जागा आहे तर संग्रहालय करू.
आम्ही म्हणजे बेटावरची एकोणीस माणसं.
किल्ली माझ्याकडे आली,
कारण माझं घर जवळ, आणि मला नाही म्हणता येत नाही.

बोट आठवड्यातून तीनदा येते, समुद्राच्या मनात असेल तर.
पाहुणे कोट न काढता आत येतात,
विचारतात, हे किती जुनं?
मी सांगते, हा चरखा माझ्या आत्याचा,
ही जळणाची माती कापायची फावडी हानुसच्या बापाची.
हानुस बाहेर कुंपण दुरुस्त करतोय, हवं तर त्यालाच विचारा.
त्यांचे चेहरे जरा उतरतात.
जुनं म्हणजे त्यांना मेलेलं हवं असतं.

बेर्गतोराची मुलगी तोरशाव्नला शिकते.
सुट्टीत येऊन तिने सगळ्यांना चिठ्ठ्या लावल्या,
मोत्यासारखं अक्षर.
'पक्षी धरायची जाळी. कड्यावर वापर.'
कडा किती उंच, आणि जाळीसकट खाली कोण गेलं,
ते लिहिलं नाही. चिठ्ठी लहान होती.
'स्वेटर. कोपरं तीनदा विणलेली, तीन रंगांत.'
एकाने हसत विचारलं, बायका बदलल्या का?
मेंढ्या बदलल्या, मी म्हटलं.

आणि एक्केचाळीस नंबर:
वीतभर लाकूड, एका टोकाला निमुळतं,
दुसऱ्या टोकाला भोक, भोकात दोरीचा तुकडा.
झाडं नाहीत इथे. लाकूड समुद्र आणून देतो,
तेव्हा कुणी उगाच तासत बसत नाही.
अंगठ्याखालची जागा तर काचेसारखी गुळगुळीत.
हानुस म्हणाला, होडीचं काहीतरी.
दान्याल म्हणाला, गाईचं.
पोरीने लिहिलं, 'उपयोग माहीत नाही.'
सगळ्या चिठ्ठ्यांत मला हीच आवडायची.

फेब्रुवारीत वीज गेली. चार दिवस.
पहिल्या रात्री दान्याल आला, ओशाळून:
तो कंदील देतेस का, पाच नंबरचा?
मग कुणी किटली नेली, कुणी बर्फावरची घसरगाडी.
मी वहीत लिहून घेतलं, सह्या घेतल्या,
नियम म्हणजे नियम.

तिसऱ्या रात्री सगळे शाळेतच जमलो, शेगडी इथे आहे म्हणून.
दान्यालचा मुलगा ट्रॉलरवर होता.
त्याबद्दल कुणी बोललं नाही.
पश्चिमेची खिडकी बोलत होती,
खड्, खड्खड्, मग जरा थांबून, खड्,
आणि त्या थांबण्यात सगळ्यांचा श्वास अडकायचा.

राकुल उठली. एक्क्याण्णव वर्षांची,
संग्रहालय उघडलं त्या दिवशीही आली नव्हती,
म्हणाली होती, माझ्या घरी आहे की हेच सगळं.
न विचारता कपाट उघडलं,
एक्केचाळीस नंबर घेतला,
खिडकीच्या फटीत सारला, अर्धा वळसा दिला.

शेगडीतली माती जळताना ऐकू आली.
कुणाच्या तरी विणायच्या सुया.
"आई लावायची," राकुल म्हणाली, "बाबा बाहेर असले की.
वारा थांबत नाही याने.
आपलं मोजणं थांबतं."
आणि शाल ओढून तिथेच झोपली.

मुलगा आला, पाचव्या दिवशी, दाढी वाढवून, भुकेला.
वस्तूही परत आल्या.
कंदिलाची काच तर आधी कधी इतकी स्वच्छ नव्हती.
किटलीत थोडा चहा राहिला होता, तो मी पिऊन टाकला.
लाकूड मात्र मी काढलं नाही.
कपाटात आता नुसती चिठ्ठी आहे,
आणि धुळीत एक वीतभर स्वच्छ जागा.
पोरीला कळवायचं राहूनच जातंय.

जूनमध्ये एक पाहुणा फोटो काढायला खिडकीशी गेला.
ही उघडत नाही का?
उघडते, मी म्हटलं, पण राकुलला विचारावं लागेल.
राकुल वर मेंढ्यांकडे गेली होती.
त्याने घड्याळ पाहिलं.
त्याची बोट होती.