जागा शिल्लक नाही

स्ट्रांदिरच्या किनाऱ्यावर मे महिन्यातली रात्र
धड अंधारत नाही, धड उजाडत नाही.
अडीचला थोरगुन्नाचा फोन: तिसरा कॅमेरा मेला. चौथाही.
एकशे चाळीस मेंढ्या विणीला आलेल्या
आणि घरात जागी ती एकटी.

संगणक तिकडे, मेंढवाड्यातल्या चाऱ्याच्या खोलीत,
चित्रं इकडे स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याला टेकवलेल्या पडद्यावर.
दोन चौकटी उजळ, दोन काळ्या.
तिसरा एकटाच चालू केला, तर ठणठणीत.
चौथा एकटा, तोही.
म्हणजे मेलं कोणीच नव्हतं.

पडद्यावर पुन्हा पुन्हा तीच ओळ,
उपकरणावर जागा शिल्लक नाही.
"अरे, अर्धी डिस्क रिकामी आहे,"
ती म्हणाली. जागा व्हावी म्हणून
कालच तिनं जुने फोटो पुसले होते.
कोणाचे, ते मी विचारलं नाही.

ही जागा ती नव्हे, मी म्हटलं, ही वाटेतली जागा.
तुझे कॅमेरे खिडकीतून रुमाल टाकतात.
बसणार असतात एका बाकावर,
धरून ठेवतात तीन.
पहिल्या दोघांनी गाडी भरली,
तिसरा फलाटावरच.

मग चाळीस पावलं बर्फाच्या चिखलातून.
डावीकडची दोन भोकं तपासली, तोंडं दोन, घसा एकच.
उजवीकडचं भोक वेगळ्या वाटेचं,
त्यात वर्षभर कोणाचा तरी पंखा.
पंखा काढला, चौथा कॅमेरा तिथे लावला.
परत येऊन बाकीच्यांना शिकवलं
चित्र घडी घालून पाठवायला.
सेकंदाला तीस चित्रं? मेंढी सेकंदात तीसदा
काहीच करत नाही. पाच पुरे.
माइक बंद केले, तेवढीच वाट मोकळी.

तिसरी चौकट उघडली: गवत, लोकरीची पाठ, ठीक.
चौथी जरा वेळानं.
शेवटच्या कप्प्यात, उलट्या बादलीवर
तिचा सासरा, आस्ब्योर्न,
जो हिवाळाभर घरात "हं"च्या पुढे गेला नव्हता.
मांडीवर ओलं कोकरू,
आणि तो बोलत होता.

पाच चित्रांच्या हिशेबानं
ओठ हलत, थांबत, दुसरीकडेच हलत.
मध्येच हसला, किंवा दोन चित्रांच्या मधे
हसून झाला.
मेंढी ऐकत होती, असं वाटलं.

थोरगुन्नानं चहाचा कप खाली ठेवला नाही, वरही नेला नाही.
बऱ्याच वेळानं विचारलं,
"आवाजाला किती जागा लागते?"
फारशी नाही, मी खरं सांगितलं. चालू करू?

ती पडद्याकडे बघत राहिली.
"नको," म्हणाली,
आणि पिठाचा डबा
थोडा आपल्याकडे वळवला.